लोणारचे तळे आणि माझी एक चूक

गेल्या आठवड्यात पुण्याहून नातवाचा फोन आला. कॉलेजातली दहा-बारा मुले मिळून लोणारला जाणार आहेत. "आजोबा, तुम्ही खाली उतरून तळ्याला पूर्ण फेरी मारली होती ना? किती वेळ लागतो? फार अवघड आहे का?" मी त्याला सांगण्यासारखे सगळे सांगितले. सकाळी लवकर उतरा, ऊन तापायच्या आत वर या. चपला नकोत, बूट घाला. हातात काठी ठेवा. पाणी प्रत्येकाने आपापले न्या, कारण खाली एवढे मोठे तळे असले तरी त्यातला घोटभरही पिता येत नाही. आणि हल्ली तळ्याचे पाणी बरेच वाढल्याचे वर्तमानपत्रात वाचतो, तेव्हा फेरीची वाट मोकळी आहे की नाही हे वन खात्याच्या माणसांना आधी विचारून घ्या.

फोन ठेवला आणि लक्षात आले, की लोणारबद्दल जे सांगायला हवे होते ते राहूनच गेले. ते फोनवर दोन मिनिटांत सांगण्यासारखे नव्हते, म्हणून इथे लिहितो. नातवाने वाचावेच, पण माझे जुने विद्यार्थी कोणी हे वाचत असतील तर त्यांनीही वाचावे. त्यांचा याच्याशी जास्त संबंध आहे.

मी लोणार दोनदा पाहिले. पहिल्यांदा १९७९ च्या डिसेंबरात, शाळेची सहल घेऊन. दुसऱ्यांदा २०२० च्या जानेवारीत, आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींबरोबर. मधे चाळीस वर्षे गेली.

१९७९ साली मी जिंतूर तालुक्यातल्या एका हायस्कूलवर होतो. बी.ए. मी मराठी आणि इतिहास घेऊन झालेला. पण भूगोलाला माणूस नव्हता, म्हणून नववीचा भूगोल माझ्या गळ्यात पडला. चार-पाच वर्षांचीच नोकरी, आणि वर्गात "मला माहीत नाही" म्हणायची भयंकर लाज. असा मास्तर फार ठासून शिकवतो. मीही तसाच शिकवायचो.

लोणारचे तळे म्हणजे थंड झालेल्या ज्वालामुखीचे तोंड, असे मी फळ्यावर आकृती काढून शिकवले होते. यात नुसता अडाणीपणा होता असे मात्र नाही. आपण ज्या काळ्या जमिनीवर राहतो तिच्याकडेच पाहा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर पसरला आणि थिजला. तो आपला काळा पाषाण, बेसाल्ट. त्याची झीज होऊन परभणीची काळी कसदार माती झाली. आता अशा लाव्हाच्या खडकात वाटीसारखे गोल भोक दिसले, तर ते ज्वालामुखीचे तोंड असे कोणालाही वाटेल. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या जागेचे वेगळेपण नोंदवले. त्यानंतरची शंभर-सव्वाशे वर्षे बरेच भूशास्त्रज्ञ ज्वालामुखीचेच नाव घेत. मी जे वाचले होते त्यातही तेच होते.

सहलीच्या आदल्या दिवशी वर्गात हे सगळे पुन्हा सांगत होतो. मागच्या बाकावरून एक हात वर आला. अंगाने किरकोळ पोरगा, अभ्यासात मध्यम. त्याचे आजोळ लोणारचे. म्हणाला, "सर, माझा मामा म्हनतो, तिथं आभाळातून धोंडा पडलाय. मामा बोअरवर कामाला व्हता, साहेबाच्या हाताखाली. साहेबानंच सांगितलं त्याला."

मी विचारले, "तुझा मामा कितवी शिकला रे?"

"चौथी, सर."

"मग साहेबाने चौथी शिकलेल्या मामाला बाजूला घेऊन सांगितले होय, की आभाळातून धोंडा पडला म्हणून?"

वर्ग खो खो हसला. वर्ग हसला की तरुण मास्तराला चेव येतो. मी म्हणालो, "बस खाली, आभाळ्या!"

ते नाव त्याला दहावीपर्यंत चिकटले. दुसऱ्या दिवशी लोणारच्या काठावर उभा राहून मी साठ मुलांना हात लांब करून ज्वालामुखीचे तोंड दाखवले. आम्ही खाली उतरलो नाही, वेळ नव्हता. तो पोरगा सगळ्यांच्या मागे उभा होता एवढे मला आठवते. बाकी मला तेव्हा काही वाटले नाही, हे खरे सांगायला हवे.

पुढे नव्वदच्या सुमारास एका मासिकात लोणारवरचा लेख वाचला आणि माझे हात गार पडले. मी वर्गात ठासून शिकवत होतो त्याच्या सहा वर्षे आधीच, १९७३ साली, 'सायन्स' या अमेरिकन नियतकालिकात भारतीय आणि अमेरिकन शास्त्रज्ञांचा निबंध छापून आला होता. तळ्यात बोअर घेऊन खालचा खडक बाहेर काढला, तपासला, आणि निष्कर्ष निघाला की हे विवर उल्केच्या आघाताने झाले आहे. म्हणजे आभाळातून धोंडाच पडला होता. मामाचे शब्द जसेच्या तसे खरे होते.

त्यानंतर मी वर्गात बरोबर ते शिकवू लागलो. पण आधीच्या दहा-पंधरा वर्षांत जी मुले माझ्या हाताखालून गेली, त्यांना कोण सांगणार होते? आणि त्या एका पोराला? तो कुठे आहे हेही ठाऊक नव्हते. असे मी स्वतःला सांगत असे. खरे तर जिंतूरला कोणालाही विचारले असते तरी कळले असते.

तो भेटला तो मी निवृत्त झाल्यावर, परभणीतच. आमची काही मंडळी रोज पहाटे कृषी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जातात. तिथे एक दिवस पन्नाशीतला एक गृहस्थ समोर येऊन वाकून पाया पडला. "सर, ओळखलं का?" ओळखले. कृषी खात्यात नोकरीला होता, दोन मुले, नुकतीच परभणीला बदली झालेली. तो आमच्याबरोबर फिरू लागला. रोज भेट होई, पाऊसपाण्याच्या, सोयाबीनच्या भावाच्या गप्पा होत. लोणारचा विषय मी काढला नाही, त्यानेही काढला नाही. मला वाटले विसरला असेल. वाटले म्हणजे, तसे वाटून घेणे सोयीचे होते.

आणि मग २०१९ च्या दिवाळीनंतर त्यानेच टूम काढली. "सर, सगळे मिळून लोणारला जाऊ. वरून तर सगळेच पाहतात. आपण खाली उतरून फेरी मारू. रोज चार किलोमीटर चालता तुम्ही लोक, काय अवघड हाय?"

मंडळी एका पायावर तयार. मी गुडघ्याचे कारण सांगून पाहिले. सौ. म्हणाली, "गुडघा माझा दुखतो, तुमचा नाही. जाऊन या." मग काय करता!

संक्रांत झाल्यावरचा पहिला रविवार ठरला, १९ जानेवारी. आम्ही अकरा जण. सगळ्यात मोठे शहात्तर वर्षांचे निवृत्त पोस्टमास्तर, सगळ्यात लहान आमचा हा विद्यार्थी. बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशिअर, एक निवृत्त नर्सबाई, माझ्याबरोबर नोकरी केलेल्या विज्ञानाच्या ताई, असा सगळा मेळा. पहाटे साडेचारला गाडी निघाली. झरी, बोरी, जिंतूर करत चारठाण्याला उजाडू लागले. तिथली हेमाडपंती देवळे आणि दीपमाळ येताना पाहू असे ठरवून पुढे मंठा गाठला. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा, बरोबर घरची धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. कॅशिअरसाहेब एवढे खूश की गाडीतच "जगात जर्मनी, भारतात परभणी" अशी घोषणा देऊन झाली. पुढे त्यांचे काय झाले ते सांगतोच.

लोणारला शिरताना तळ्याची काही चाहूल लागत नाही. साधे तालुक्याचे गाव. विवराची कड भोवतालच्या जमिनीपेक्षा थोडी उंच आहे, त्यामुळे अगदी काठावर जाईपर्यंत काही दिसत नाही. आणि मग एकदम पायापुढची जमीनच संपते. एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत पावणेदोन-एक किलोमीटर, खोली सव्वाशे-दीडशे मीटर, आणि तळाशी हिरवट तळे. बोलकी माणसेही तिथे गप्प होतात.

गावातले दैत्यसूदनाचे दर्शन आधी घेतले. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली राहत होता, विष्णूने बालरूपात येऊन अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि त्याला मारले, अशी कथा आहे. वरून काहीतरी येऊन जमीन फुटली, हे कथेलाही ठाऊक होते की काय, असे माझ्या मनात आले. मी ते बोललो नाही. विद्यार्थी शेजारीच उभा होता.

उतरायला सुरुवात केली ती धारेच्या बाजूने. धार म्हणजे गोमुखातून बारा महिने पडणारे गोड पाणी. हे गोड पाणी वाहत वाहत खाली त्या खाऱ्या तळ्याला मिळते. सुरुवातीला पायऱ्या आहेत, मग मुरूम, सुटे दगड आणि मुळ्या. उतरताना दम लागत नाही, पण गुडघे कापतात, हे पन्नाशीनंतर ज्यांनी कोणी डोंगर उतरला असेल त्यांना माहीत आहे. नर्सबाईंनी सगळ्यांना आडवे पाऊल टाकायला शिकवले. झाडीत वानरे बसली होती, लांबून मोराचा आवाज येत होता. अर्ध्यावर वारा बंद झाला. वर जानेवारीचा गारठा होता, खाली उतरलो तसे स्वेटर कमरेला बांधावे लागले.

बरोबर गावातला एक वाटाड्या तरुण घेतला होता. तो पडक्या देवळांची नावे सांगत पुढे चालला. तळ्याचा काठ आला तसा वास येऊ लागला. कुबट, नासल्या अंड्यासारखा. काठावर पांढरी पापडी धरलेली. पूर्वी इथले क्षार काढून विकत असत म्हणे. विज्ञानाच्या ताईंनी पर्समधून लाल लिटमस काढला (निवृत्त होऊन बारा वर्षे झाली तरी पर्समध्ये लिटमस!) आणि पाण्यात बुडवला. तो तत्काळ निळा झाला. वाटाड्या हसला, त्याने खिशातून हळदीची पुडी काढली, चिमूटभर हळद तळहातावर घेऊन त्यावर तळ्याचे पाणी टाकले. हळदीचे कुंकू झाले! ताई म्हणाल्या, "अल्कली. माझा कागद आणि याची हळद एकच सांगतात." मी ऐकून घेतले.

कमळजादेवीच्या देवळापर्यंत बहुतेक लोक जातात. नवरात्रात तिथे यात्रा भरते, तेव्हा बायाबापड्याही हा उतार उतरून येतात. आम्ही तिथे बसून धपाटी खाल्ली. इथून परत फिरणे शहाणपणाचे होते. पण "फेरी मारायची ठरली ना?" असे पोस्टमास्तर म्हणाले आणि सगळे उठले.

पुढे वाट म्हणावी अशी वाट राहिली नाही. वेडी बाभूळ माजलेली. काटे कपड्यांना धरायचे, सोडवायला थांबले की पुढचा माणूस झाडीत दिसेनासा व्हायचा. आम्ही एकमेकांना हाका मारत चाललो. एके ठिकाणी कॅशिअरसाहेबांनी पांढऱ्या पापडीवर विश्वास ठेवून पाय टाकला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. दोघांनी काखेत हात घालून ओढले. साहेब निघाले, बूट आतच राहिला. काठीने अर्धा तास चाचपडलो, नाही सापडला. शेवटी पायाला टॉवेल गुंडाळून वर सुतळी बांधली. जर्मनीची घोषणा पुन्हा ऐकू आली नाही.

हसत हसत पुढे निघालो, पण आता ऊन चढले होते. दोन-अडीच तासांत फेरी पुरी होईल असा हिशेब होता, साडेअकरा वाजले तरी निम्मीच झाली होती. बाटल्या संपत आल्या. पोस्टमास्तरांना घेरी आली आणि ते मटकन खाली बसले. चेहरा पांढरा, कपाळाला घाम. नर्सबाईंनी नाडी पाहिली, शर्टाची बटणे सोडली, उरलेल्या पाण्यात मीठ-साखर कालवून चमचा-चमचा पाजली. त्या वेळी आम्हां सगळ्यांनाच एकदम आपली वये आठवली. इथे रस्ता नाही, वाहन नाही, वर जायचे तर स्वतःच्याच पायांनी. वाटाड्या आणि विद्यार्थी दोघे झपाझप पुढे जाऊन पाणी घेऊन आले. अर्ध्या तासाने पोस्टमास्तर उठले आणि म्हणाले, "चला. टपाल थांबवून चालत नाही."

फेरी पुरी झाली तेव्हा दीड वाजला होता, आणि चढण अजून बाकी होती. पोस्टमास्तरांना दोघांच्या मधे घेऊन मंडळी हळूहळू वर निघाली. मी सगळ्यात मागे. वीस पावले, की थांबायचे. मग पंधरा. मग दहा. विद्यार्थी माझ्यासाठी मागे राहिला होता.

"सर, बसा जरा. घाई कामून करायलात? जाऊ द्या त्यांना पुढं."

एका काळ्या धोंड्यावर बसलो. खाली तळे, वर माणसांचे आवाज. तो शेजारी बसून पँटीत घुसलेली कुसळे काढत होता. मला वाटले, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

"तुला आठवते का रे, सहलीच्या आदल्या दिवशी मी वर्गात तुला काय म्हणालो होतो?"

तो हसला. "आभाळ्या म्हनले होते. गावाकडं गेलो की दोघं-तिघं अजून त्याच नावानं हाक मारतात."

"तुझे बरोबर होते. माझे चूक होते. आणि हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे."

तो काही वेळ कुसळेच काढत राहिला. मग म्हणाला, "माझं काही नाही सर. लेकरू होतो, विसरून गेलो. मामाचं वाईट वाटतं."

मग त्याने सांगितले ते असे. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आजोळी गेला आणि मामाला म्हणाला, आमचे सर म्हणतात तो ज्वालामुखी आहे. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर शिकलेले हायत. त्यांचंच बरोबर असंल. साहेब विंग्रजी बोलायचा, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल."

"त्याच्या आधी सर, घरी कुणी पाहुणा आला की मामा बोअरचं सांगायचा. दगडाच्या लांब लांब कांड्या कशा निघायच्या, त्या पेटीत ओळीनं कशा लावायच्या, एक जरी इकडची तिकडं झाली तर साहेब कसा ओरडायचा. लई रंगून सांगायचा. नंतर बंदच केलं. कुणी विचारलं तर म्हनायचा, ज्वालामुखी हाय, आमच्या भाच्याच्या सरांनी सांगितलंय."

"आता कुठे असतात मामा?"

"२००५ ला गेला सर."

मी काय बोलणार? तासाभरापूर्वी पोस्टमास्तरांना घेरी आली होती, आता माझी पाळी येते की काय असे झाले. वर्गात एक पोर हिरमुसले एवढाच माझा अपराध मी समजत होतो. प्रत्यक्षात मी एका माणसाच्या हातातून त्याने स्वतः पाहिलेले, हाताळलेले काढून घेतले होते. आणि त्यानेही ते तक्रार न करता देऊन टाकले होते, कारण मी बी.ए. होतो.

त्या कांड्यांमध्ये काय होते ते पुढे मी शोधून शोधून वाचले. बेसाल्टमध्ये फेल्डस्पार नावाचे खनिज असते. त्याच्यावर अचानक प्रचंड दाब आला तर ते न वितळताच काचेसारखे होते. त्या काचेला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीच्या उष्णतेने ती होत नाही, जोरदार आघातच लागतो. तळ्याखालच्या शेकडो फूट खोल फुटक्या खडकात ती सापडली आणि वाद मिटला. चंद्रावरची विवरेही अशाच काळ्या खडकात आहेत, म्हणून चांद्रयात्रांच्या त्या दिवसांत लोणारला एवढे महत्त्व आले. आणि शास्त्रज्ञांचेही आधी चुकलेच होते. गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८९६ सालीच लोणारचे आणि ॲरिझोनाच्या विवराचे साम्य दाखवले होते, पण ॲरिझोनाचे विवरही वाफेच्या स्फोटाने झाले असे तो समजत होता. पुढे ते उल्केचे ठरले. लोणारच्या वयाचेही तेच. आधी सुमारे बावन्न हजार वर्षे म्हणत, २०११ साली दुसऱ्या पद्धतीने मोजले तर ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघाले. शास्त्रात चूक झाली की नवीन निबंध लिहून ती दुरुस्त करतात. मी तीस वर्षे काही लिहिले नाही, कोणाला बोललो नाही. फरक तेवढाच आहे.

"चला सर, ऊन व्हायलं," असे म्हणून त्याने हात पुढे केला. तो हात धरूनच मी वर आलो.

वर आल्यावर तो म्हणाला, "मामी असते इथंच. चहाला जाऊ." मंडळी हॉटेलात जेवायला बसली, आम्ही दोघे गल्लीतल्या एका पत्र्याच्या घरी गेलो. मामी सत्तरीच्या, डोक्यावर पदर. भाच्याने ओळख करून दिली, "हे आमचे सर. भूगोलाचे." त्यांनी नमस्कार केला. मला तो घेववेना.

मी म्हणालो, "मामी, तुमचे मालक बरोबर सांगत होते. आभाळातूनच धोंडा पडला होता. मी चुकीचे शिकवले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते आता मला सांगून काय उपेग? त्या पोराला सांगा."

दारात एक आठवीतला मुलगा उभा होता, त्यांचा नातू. मी त्याला जवळ बोलावले आणि तळे कसे झाले ते सांगू लागलो. तो म्हणाला, "ते आम्हाला ठावं हाय सर. उल्कापात. सगळे गाइड सांगतात."

"बरोबर. पण ते ज्या बोअरमुळे कळले, त्या बोअरवर तुझे आजोबा कामाला होते, हे ठाऊक आहे का?"

त्याने आजीकडे पाहिले. "आपल्या आजोबानं बोअर मारला व्हता?"

मामी म्हणाल्या, "मारला व्हता. पाच रुपये रोज व्हता का काय, तवा." आणि मग त्या सांगू लागल्या. कांड्यांचे, पेटीचे, साहेबाच्या टोपीचे. आम्ही चहा संपला तरी उठलो नाही. ज्यांना लोणारचे शास्त्र सांगता येते अशी माणसे आता गल्लोगल्ली आहेत. त्या घरातली ही गोष्ट मात्र चाळीस वर्षे बंद पडली होती, माझ्या एका वाक्याने. चारठाण्याची देवळे त्या दिवशी पाहायची राहिली, अंधार पडला होता.

दोन महिन्यांत लॉकडाऊन लागले. जूनमध्ये विद्यार्थ्याचा फोन आला, पण बोलला तो मुलगा. शाळा बंद, म्हणून आत्याकडे जिंतूरला आला असेल असे मला वाटले, तर नाही, लोणारहूनच तिघांना एकत्र जोडून फोन लावला होता. "सर, तळं गुलाबी झालंय! आख्खं! कामून झालं असंल?"

चाळीस वर्षांपूर्वी मी काहीतरी ठासून सांगितले असते. मी म्हणालो, "मला माहीत नाही रे. तू तिथे आहेस, तू रोज पाहा. रंग कुठल्या बाजूला जास्त आहे, पाऊस कधी पडला, सगळे तारीख घालून वहीत लिही."

त्याने लिहिले. सुरुवातीला शेवाळामुळे रंग आला असे बोलले जात होते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही लक्ष घातले, पाण्याचे नमुने तपासायला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितले, की खूप खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला. पाणी आटून क्षार वाढले की ते माजतात, आणि मग खाली बसले की पाण्याचा रंग परत जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारचे नाव रामसर पाणथळ जागांच्या यादीत आले. मुलाने या सगळ्याची कात्रणे त्या वहीत चिकटवली आहेत. पहिल्या पानावर त्याने आजोबांचे नाव लिहिले आहे आणि खाली 'बोअरवर कामाला होते' असे.

पोस्टमास्तर २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत गेले. लोणारची फेरी आपण पुरी केली हे ते शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत. कॅशिअरसाहेबांचा बूट अजून तळ्यातच आहे.

तर नातवा, लोणारला जाशील तेव्हा बूट घट्ट बांध आणि पांढऱ्या पापडीवर पाय देऊ नकोस. वर आल्यावर दमला असशील तरी त्या पत्र्याच्या घरी जाऊन ये. मुलगा आता कॉलेजात आहे, सुटीत घरी असतो. त्याला वही दाखवायला सांग. मामी अजून आहेत. त्यांना बोअरचे विचार, आणि त्या सांगतील ते मधे न बोलता ऐकून घे. पत्ता मी फोनवर देतो.